कडेवरचे नाव

आमच्या घरी दिवाळीची सुरुवात आकाशकंदिलाने होत नसे, चिंचेने होत असे. वसुबारसेच्या आदल्या दिवशी आजी चिंचेचा कोळ, चाळलेली राख आणि नारळाची शेंडी घेऊन मागच्या पडवीत बसायची आणि घरातले सगळे तांबेपितळ तिच्या हाताखालून जायचे. समया, घंटा, ताम्हन, पळी-पंचपात्र. सर्वांत शेवटी ती देव्हाऱ्यातल्या डबीतून रुपयापेक्षा मोठी अशी चांदीची एक चकती काढी. चांदीला चिंच चालत नाही म्हणून चिमूटभर रांगोळी घेऊन तिलाही दोन हात देई. ती चकती म्हणजे तिच्या सासऱ्यांचे, माझ्या पणजोबांचे, पहिल्या महायुद्धातले पदक. एका बाजूला पंचम जॉर्जचे मस्तक, दुसऱ्या बाजूला घोड्यावर बसलेला उघडाबंब स्वार. हा स्वार खंडोबाच आहे अशी आजीची खात्री होती आणि पदक देव्हाऱ्यात असण्याचे अर्धे कारण तेच होते. तो खंडोबा नसून इंग्रजांचा सेंट जॉर्ज आहे, हे मला पुष्कळ वर्षांनी कळले. तोपर्यंत आजी गेली होती. वेळेवर कळते तरी मी तिला सांगितले नसते.

पदकाच्या कडेला काही अक्षरे आहेत एवढे माहीत होते. ती वाचावीत असे मात्र घरात कोणाला कधी वाटले नाही, मलाही नाही. आणि मी तर कादंबऱ्या लिहिणारा माणूस!

जुने लष्करी आणि राजकीय बिल्ले, पदके जमविण्याचा छंद आपल्याकडेही आता बराच पसरला आहे. लिलाव घरबसल्या पाहता येतात, किमती चढल्या आहेत आणि किमतीपाठोपाठ बनावट मालही आला आहे. या छंदाविषयी, आणि विशेषतः त्यातल्या पारख करण्याच्या विद्येविषयी, मला इथे थोडी टीका करावयाची आहे. वाङ्मयाच्या अंकात हे कशाला, असे कोणी विचारील. पण जुन्या पोथीचा पाठ शुद्ध करणे आणि जुन्या पदकाचा खरेपणा ठरविणे यांत मला फारसे अंतर दिसत नाही. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, राजवाड्यांनी दप्तरांच्या रुमालांतून खरे कागद निवडले. त्यांनी जे केले तेच, फार लहान प्रमाणावर, हातात भिंग घेतलेला संग्राहक करतो. त्याला कागदाऐवजी धातू वाचायचा असतो, इतकेच. माझी विद्या मॅट्रिकपर्यंतची, तेव्हा या शास्त्रावर अधिकाराने बोलण्याचा माझा हक्क नाही. पण या विद्येने माझी एकदा चांगली फजिती केली आहे आणि फजिती झालेल्या माणसाला थोडे बोलण्याचा हक्क मिळतो, असे मी समजतो.

काही वर्षांपूर्वी एका शहरातल्या आठवडी बाजारात, चादरीवर मांडलेल्या कुलपे-किल्ल्यांच्या ढिगात, आमच्या घरच्यासारखेच एक पदक मला दिसले. इंग्रजांचे १९१४ ते १९१८ च्या युद्धाचे पदक. या वेळी मात्र मी कड वाचली. एक नंबर, शिपाई हा हुद्दा, एक मराठी नाव आणि ११७ मराठा ही पलटण. ही पलटण मेसोपोटेमियात होती. ७ डिसेंबर १९१५ पासून तुर्कांनी कूतला वेढा घातला होता. १०३ आणि ११० या मराठा पलटणींबरोबर तीही त्या वेढ्यात होती आणि २९ एप्रिल १९१६ ला शरण जाणाऱ्या सुमारे १३,००० माणसांत तिचे उरलेले शिपाई होते. हे सारे मी नंतर वाचून काढले. अन्न संपत आले तेव्हा घोडे मारले गेले, पण हिंदी शिपायांतले पुष्कळजण घोड्याचे मांस खायला दीर्घकाळ तयार होईनात; त्या एका गोष्टीने तर मी भारूनच गेलो. पगारातले दीड हजार रुपये देऊन मी ते पदक घेतले आणि पुढल्या दोन वर्षांत कडेवरच्या त्या नावावर कादंबरी लिहिली. नायकाला नंबर तोच, पलटण तीच, नाव तेच. वेष्टणावर छापले, ‘एका खऱ्या शिपायाची कहाणी’. ती ओळ माझीच होती. प्रकाशकाला दोष नको.

कादंबरी बरी खपली. मग एका निवृत्त पोस्टमास्तरांचे पत्र आले. पत्र असे की, टाकीचे घाव म्हणजे काय ते समजावे. माझ्या जुन्या एका कथेत १८९७ च्या सरहद्दीवरच्या लढाईत मी एका मराठा सुभेदाराला व्हिक्टोरिया क्रॉस बहाल करून टाकला होता. पोस्टमास्तरांनी लिहिले होते, “हिंदी शिपायांना हा क्रॉस मिळण्याची मुभाच मुळी १९११ साली झाली. पहिला मिळाला खुदादाद खान यांना, ३१ ऑक्टोबर १९१४ च्या लढाईबद्दल. मराठ्यांना हवा असेल तर इटलीतले यशवंत घाडगे आहेत, १० जुलै १९४४. नामदेव जाधव आहेत, ९ एप्रिल १९४५. खरे असताना खोटे कशाला?” आणि शेवटी एक ओळ होती: “आपल्या नव्या कादंबरीचे पदक घेऊन एकदा यावे. तोंड पाहायचे नाही, कड पाहायची आहे.”

मी गेलो. दोन खोल्यांचे घर, एका खोलीत सपाट खणांचे कपाट. चहा होईपर्यंत त्यांनी मला दोन-चार खण उघडून दाखविले आणि तेवढ्यात मी जितके शिकलो तितके दहा पुस्तकांतून शिकलो नसतो. टोपीवरच्या बिल्ल्याचे वय म्हणे त्याच्या मुकुटावरून कळते. व्हिक्टोरियाचा मुकुट १९०१ पर्यंतचा. मग १९५२ पर्यंत राजांचा, निराळ्या घाटाचा. त्यानंतर एलिझाबेथचा, पुन्हा वेगळा. आपल्या सैन्यात १९५० साली प्रजासत्ताक आले आणि मुकुट गेला, अशोकाचे सिंह आले. तेव्हा मराठा पलटणीच्या एखाद्या ‘जुन्या’ बिल्ल्यावर एलिझाबेथचा मुकुट दिसला, की तो कोणत्या तरी कारखान्यात इतिहासाचे पुस्तक न उघडता केलेला आहे, हे विसाव्या सेकंदाला समजावे. पोस्टमास्तरांच्या एका खणात असे सात बिल्ले होते. “हे मी मुद्दाम ठेवले आहेत,” ते म्हणाले, “नातवंडांना हसायला.”

ओतीव नक्कल कशी ओळखावी, तेही त्यांनी सांगितले. खरे पदक ठशाखाली दाबून काढलेले असते. नकलाकार खऱ्यावरून साचा घेतो आणि त्यात रस ओततो. रस थिजताना आक्रसतो, म्हणून नक्कल मुळापेक्षा किंचित लहान भरते. भिंगाखाली तिच्या अंगावर देवीचे व्रण असावेत तसे बारीक खड्डे दिसतात आणि अक्षरांचे काठ साबणाच्या वडीसारखे गोलावलेले असतात.

मग त्यांनी माझे पदक घेतले. आधी वजन. मग शाळेच्या प्रयोगशाळेत असते तशी व्हर्नियरची मापपट्टी. या पदकाचा व्यास ३६ मिलिमीटर असावा लागतो. राजाच्या मस्तकाच्या दिशेने मोजला तर तो जवळजवळ भरला. आडवा मोजला तर कमी. तिरका मोजला, तर आणखी निराळा. “ठसा बरोबर आहे, धातू बरोबर आहे, पदक शंभर टक्के खरे,” पोस्टमास्तर म्हणाले. मी सुस्कारा सोडला. “पण कड खोटी आहे, गुरुजी. घासली आहे.”

त्यांनी मला भिंगातून दाखविले. त्या युद्धाच्या पदकांवर नावे पोलादी अक्षरठशांनी ठोकून उमटवीत. प्रत्येक अक्षर सारख्या खोलीचे आणि त्याच्याभोवती दबलेल्या धातूची अंधुकशी वरंबी. माझ्या पदकावरची अक्षरे कोरणीने खणलेली होती. तळाशी नांगराच्या तासासारखी निमुळती. नुसत्या कोरीवपणावरून निकाल देऊ नये, हेही त्यांनी लगेच बजावले. कारण त्याआधीच्या सरहद्दीच्या मोहिमांची पदके हिंदी शिपायांना देताना सरकारच वळणदार हाताने नावे कोरून देत असे आणि ती नावे अगदी खरी असतात. निकाल लागतो तो सगळे एकत्र पाहून: व्यास कमी, काठाची उभट रेघ एका अंगाला बारीक झालेली, कानशीचे आडवे ओरखडे आणि त्यांवर कोरणीचे अक्षर. पूर्वी इथे दुसरे नाव होते. ते कानशीने काढले आणि त्या जागी माझा नायक बसविला.

मी घरी आलो आणि दोन दिवस शाळेत मुलांवर उगाच ओरडलो.

या जागी मला छंदावरची माझी पहिली टीका करायची आहे. नाव का खोडतात? कारण बाजारात पदकाला नव्हे, नावाला किंमत आहे. या पदकाच्या सुमारे ६५ लाख प्रती चांदीत काढल्या गेल्या. ठसा पाहून कोण काय देणार? पण कडेवर गोऱ्या अधिकाऱ्याचे नाव असले, नाहीतर कूतसारख्या गाजलेल्या वेढ्यातली पलटण असली, की किंमत दुप्पट-चौपट. ज्यांच्या नावाला गिऱ्हाईक नाही त्यांची पदके वितळली. १९८० च्या सुमारास चांदीचा भाव आभाळाला भिडला तेव्हा असंख्य पदके मुशीत गेली, असे सगळे संग्राहक हळहळून सांगतात. हळहळतात ते दुर्मिळतेसाठी. नावांसाठी हळहळणारा मला एकच भेटला.

आणि या नावांसाठी हळहळावे असे कारण आहे. मेसोपोटेमियात पडलेल्यांसाठी बसऱ्याला जे स्मारक १९२९ साली उभारले, ते ४०,००० हून अधिक माणसांचे. गोऱ्या शिपायांची नावे तिथे दगडात आहेत, हिंदी अधिकाऱ्यांचीही आहेत. हिंदी शिपायांच्या मात्र पलटणीखाली आकडा घातला: आणखी इतके. ही वागणूक विषम होती, हे युद्धसमाध्यांची देखभाल करणाऱ्या राष्ट्रकुल आयोगाने २०२१ साली आपल्या अहवालात कबूल केले. आपल्याकडेही गावोगाव तशाच पाट्या आहेत: या गावातून इतके महायुद्धावर गेले, त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले. साताऱ्याकडच्या अपशिंगे गावचे ४६ जण त्या युद्धात पडले. आकडे सगळीकडे नेटके. दगडावर नाव नाही, पाटीवर नाव नाही. शिपायाचे नाव सरकारने धातूत उमटविले ते या एका जागी, एका चिंचोळ्या कडेवर, आणि तेही इंग्रजी लिपीत, आपला ळ गमावून. त्या कडेवर कानस फिरविणे म्हणजे काय, हे मला तेव्हा उमगले. चोराने पाकिटातले पैसे नेले तर एक. त्याने रेशनकार्डावरचे नाव खरडून काढले तर ते निराळेच काही झाले.

जाता जाता आणखी एक. हेच पदक कांस्यातही निघाले, सुमारे १,१०,००० प्रती. राजा तोच, घोडा तोच, युद्ध तेच. ते मिळाले चिनी, माल्टी आणि आपल्याकडच्या मजूर-पलटणींना. ओझी वाहणाऱ्यांना चांदी कशाला, असा विचार कोणत्या तरी कचेरीत कोणी तरी केला असणार. आज संग्राहकांच्या जगात हे कांस्य चांदीहून महाग आहे, कारण ते दुर्मिळ. कुचेष्टा म्हणतात ती ही.

असो. मी पुन्हा पोस्टमास्तरांकडे गेलो तो भांडायच्याच तयारीने. ज्याने हे केले त्याला मी लबाड, नीच वगैरे म्हणालो. त्यांनी ऐकून घेतले आणि म्हणाले, “फसवायलाच केले असेल असे नाही, गुरुजी. शिपायाचे पदक हरवते. अडीनडीला सावकाराकडे जाते. मग एखाद्या समारंभाला जायचे असते, पेन्शनवाल्यांचा मेळावा असतो, छाती रिकामी कशी न्यायची? तो बाजारातून दुसऱ्याचे पदक घेतो, सोनाराला चार आणे देतो आणि त्यावर आपले नाव घालून घेतो. विलायतेतही असे पुष्कळांनी केले. अक्षर बघा, सोनाराचे आहे. ठगाने अक्षरठशांची नक्कल केली असती.”

मी गप्प झालो. म्हणजे माझा शिपाई कदाचित खराच. पदक मात्र दुसऱ्याचे. किंवा शिपाई खोटा आणि पदक खरे. धातूने एवढेच सांगितले आणि पुढे तो मुका झाला. माझ्या मते पारख करणाऱ्याचा मोठेपणा इथे दिसतो, पोस्टमास्तरांसारखा थांबण्यात. हल्ली कागदी दाखले मिळतात, वर गोल शिक्का, खाली सही: अस्सल. दाखल्याला दोनच शब्द ठाऊक, अस्सल आणि नक्कल. आमच्याकडे काही टीकाकारही असेच दाखले वाटीत असतात. पण खऱ्या पदकावरचे खोटे नाव, आणि त्या खोट्या नावामागची खरी गरज, यांना त्या दाखल्यात रकानाच नाही.

नावच नसेल तर काय होते, तेही त्यांच्या कपाटात होते. सर्वांत खालच्या खणात, मखमलीवर, सुभाषबाबूंच्या आझाद हिंदचे एक पदक. ही पदके नेताजींनी १९४२ साली जर्मनीत असताना ठरविली: शेर-ए-हिंद, सरदार-ए-जंग, वीर-ए-हिंद, शहीद-ए-भारत. रणांगणावरच्या पराक्रमासाठी तलवारींसह, इतर सेवेसाठी तलवारींवाचून. घडविली व्हिएन्नाच्या रुडॉल्फ सूव्हाल यांच्या कारखान्याने. युद्ध संपले, फौज पांगली, नेताजी गेले. कारखाना राहिला आणि संग्राहकांची मागणी पाहून त्याच घराण्याच्या ठशांतून तीच पदके पुन्हा निघाली. आता सांगा, खरे कोणते? कारखाना तोच, घाट तोच. कडेवर नाव नाही, नंबर नाही. अशा वेळी धातूला विचारून भागत नाही. पदकाबरोबर त्या माणसाचे छायाचित्र हवे, प्रदानाचा कागद हवा, ते कोणाच्या घरातून कोणाच्या घरात आले याची साखळी हवी. त्या साखळीतली एक कडी तुटली तर उरते ती सुबक धातूची चकती.

पुस्तकाचे असे होत नाही. त्याच खिळ्यांतून दुसरी आवृत्ती निघाली म्हणून कविता खोटी होत नाही. मी हे म्हणालो तेव्हा पोस्टमास्तर म्हणाले, “कविता पुन्हा वाचता येते. कोणाच्या छातीवर टाचणी पुन्हा टोचता येत नाही.” या वाक्यावर मी पुष्कळ विचार केला आहे आणि मला ते पटते. पदक ही वस्तू नव्हे, घडलेली घटना आहे. ठसा उरतो, घटना उरत नाही. संग्राहकांपैकी निम्मे लोक हे विसरून ठसाच जमवितात, आणि आम्ही ऐतिहासिक कादंबऱ्या लिहिणारे त्यांच्याहून वेगळे नाही. आम्ही नायकाच्या छातीवर पदके टाचतो ती चकाकी म्हणून. माझ्या व्हिक्टोरिया क्रॉसची गोष्ट सांगितलीच.

माझ्या कादंबरीची तिसरी आवृत्ती निघायची होती. काय करावे? नाव बदलावे तर आधीच्या वाचकांना वाटावे लेखक घाबरला. तसेच ठेवावे तर ती ओळ खोटी. शेवटी नाव ठेवले, वेष्टणावरून ‘खऱ्या’ हा शब्द काढला आणि प्रस्तावनेत सगळा प्रकार लिहिला. काही वाचकांनी लिहिले की, प्रस्तावनेने पुस्तकाची गोडी घालविली. एका सैनिकाच्या विधवेने लिहिले की, प्रस्तावनाच तेवढी आवडली. पदक मी पोस्टमास्तरांना दिले. त्यांनी खणातल्या चिठ्ठीवर लिहिले आहे: ‘पदक खरे. नाव नंतरचे. आधीचा शिपाई वेगळा.’ इतक्या थोड्या शब्दांत इतकी प्रामाणिक टीका मी वाङ्मयातही क्वचित वाचली आहे.

मग साहजिकच घरच्या पदकाची पाळी आली. गेल्या दिवाळीत मी ते देव्हाऱ्यातून काढून पोस्टमास्तरांकडे नेले, बरोबर काका होते. घरात पणजोबांचे एक छायाचित्र आहे, त्याखाली काकांनी रंगाने लिहून घेतले आहे: ‘हवालदार’. आजीच्या पन्नास-साठ दिवाळ्यांच्या रांगोळीने राजाचे नाक आणि स्वाराचा चेहरा गुळगुळीत झाला होता. कडेची अक्षरे बोटाला लागत नव्हती. पोस्टमास्तरांनी खिडकी लावली, दिवा अगदी आडवा धरला आणि चकती हळूहळू फिरवू लागले. आडव्या उजेडात अक्षरे सावलीसारखी वर येत आणि पुन्हा बुडत. कड घासलेली नव्हती, झिजली होती. हा फरक आता मलाही दिसत होता. नंबराचे तीन आकडे मिळाले. नावाचे पहिले अक्षर मिळाले, ते आमच्या पणजोबांचेच. हुद्दा मात्र स्वच्छ वाचता आला, कारण तेवढी जागा कड्याच्या आडोशाला राहिली होती.

“ड्रायव्हर,” पोस्टमास्तर म्हणाले. “म्यूल कोअर. खेचरांची पलटण. दारूगोळा, पाणी, जखमी, सगळे यांनीच वाहिले.”

काकांनी भिंग मागून घेतले. बराच वेळ ते डोळ्याला लावून बसले. बाहेर पोरे लवंगी माळ लावीत होती. मग भिंग खाली ठेवून ते म्हणाले, “तरीच आमच्या घरात गाढवाला कोणी कधी मारू दिले नाही.”

छायाचित्राखालची पाटी त्यांनी अजून बदललेली नाही. पदक पुन्हा देव्हाऱ्यात आहे. यंदा काकूने रांगोळीची चिमूट हातात घेतली तेव्हा काकाच मागच्या पडवीतून ओरडले, “तेवढे राहू दे, त्याला नुसते फडके लाव.”